टोपलीची शेपटी

मुलं मोबाईलवर गेम खेळत बसतात, ही तक्रार घरोघरी असते. पण मैत्रिणींनो, तोच गेम आपल्या मुलीने स्वतः बनवायला घेतला तर? त्याला महागडा कॉम्प्युटर लागत नाही. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणलेली पायथन ही भाषा आणि तिच्या जोडीला २००० साली आलेलं पायगेम, दोन्ही फुकट मिळतात.

आमच्या महिला मंडळाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. रविवारी आठवी-नववीच्या मुली तिथे येतात. त्यातल्या एकीने वरून पडणारे आंबे टोपलीत झेलायचा गेम रचला. टोपलीचं चित्रही तिचंच. गेममधल्या अशा चित्राला स्प्राइट म्हणतात. पण टोपली सरकवली की मागे टोपल्यांची रांगच लागायची, आगगाडीच्या डब्यांसारखी! आणि आंबे तर दिसतच नव्हते. पोरगी रडकुंडीला आली. "काकू, मला नाही जमणार, मी पुढच्या रविवारी येत नाही." घरीही तिला ऐकवलं गेलं होतं, मुलींना कशाला हवीत असली खुळं!

मी आर्ट्सची, पण रांगोळी मला चांगली कळते. पडदा म्हणजे आपलं अंगण समजा. सडा न घालता कालच्या रांगोळीवरच आजची काढली तर काय होईल? गेम तर सेकंदाला साठ-साठ वेळा नवी रांगोळी काढतो. आधीची पुसायचं काम कॉम्प्युटर आपण होऊन करत नाही, सांगावं लागतं. स्क्रीन डॉट फिल आणि कंसात रंग, एवढी एक ओळ. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा जो भाग असतो, त्यात चित्रं काढण्याच्या आधी ती घातली आणि टोपलीची शेपटी गेली.

आंब्यांनी मात्र दमवलं. शेवटी आंबा कुठे आहे ते प्रिंट करून बघायचं ठरलं. आकडे आले ६००, ६०५, ६१०... म्हणजे आंबा होता, पडतही होता! खिडकीची उंची ६००. शाळेत आलेख काढताना वर जाऊ तसा आकडा वाढतो, म्हणून तिने आंब्याला ६०० वर ठेवलेलं. पण पायगेममध्ये मोजणी डाव्या कोपऱ्यात वरून सुरू होते आणि खाली जाऊ तसा आकडा वाढतो. म्हणजे तिचे आंबे खिडकीच्या खालून पाताळात चालले होते. हे तिचं तिलाच कळलं आणि तोंडावर हात ठेवून जी हसत सुटली! ६०० चा शून्य केला, आंबे आले.

आले ते झाडामागे लपून बसले. त्याचं कारण सोपं, जे नंतर काढाल ते वर दिसतं. आधी झाड, मग आंबा, मग टोपली. सगळं काढून झालं की शेवटी एकदाच डिस्प्ले डॉट फ्लिप, तेव्हा कुठे ते पडद्यावर येतं. ही ओळ विसरली तर काहीच दिसत नाही, आणि दर चित्रानंतर घातली तर पडदा लुकलुकतो.

टोपलीभोवती पांढरी चौकट दिसत असेल तर चित्र जेपीजी आहे का बघा. जेपीजीत पारदर्शक भाग ठेवता येत नाही. पार्श्वभूमी पारदर्शक केलेलं पीएनजी घ्यायचं आणि कन्व्हर्ट अल्फा करायचं. चित्राची फाईल उघडायची ती लूपच्या बाहेर, एकदाच. दर चिमूटभर मिठासाठी कुणी दुकानात जातं का?

आता टोपली सरकते, पण आंबे आरपार जातात, गुण काही वाढत नाहीत. टोपलीचं चित्र एका जागी आणि तिचा रेक्ट, म्हणजे टक्कर मोजायची अदृश्य चौकट, भलत्याच जागी असावी असा पोरीचा संशय आहे. या रविवारी दोन्हींचे आकडे प्रिंट करून बघणार आहे म्हणे.