मराठवाड्याची हायब्रीड ज्वारी

भारतातला पहिला संकरित ज्वारी वाण ‘सीएसएच-१’ १९६४ साली प्रसारित झाला. बुटका, जेमतेम शंभर दिवसांत काढणीला येणारा आणि खत दिले की कणीस गच्च भरणारा. गावरान खरीप ज्वारी पुरुषभर उंचीच्याही वर जायची आणि चार-पाच महिने रान अडवून ठेवायची. त्यामुळे परभणीच्या काळ्या रानात हा वाण वेगळाच दिसे. पुढे मराठवाड्यात नुसते ‘हायब्रीड’ म्हटले तरी ज्वारीच समजली जाऊ लागली.

ज्वारीचा संकर हाताने करून बियाण्याचा धंदा उभा राहत नाही. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर, फूल बारीक आणि एका कणसात अशी हजारो फुले. ही अडचण १९५४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी सोडवली. ‘मिलो’ ज्वारीच्या पेशीद्रव्यात ‘काफिर’ ज्वारीचे केंद्रक आणले की झाडाचे परागकण वांझ निघतात. अशी नरवंध्य ओळ मादी म्हणून पेरायची आणि शेजारी नर ओळ लावायची. परागीकरणाचे काम वारा करतो. मादीच्या कणसात भरते ते संकरित बियाणे. नर ओळ अशी निवडलेली असते की शेतकऱ्याच्या रानातल्या पिकाला पुन्हा सकस पराग येतात; नाहीतर कणसे पोचट राहतील. हे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण घरचा दाणा राखून पेरला तर पुढच्या पिढीत उंच-बुटकी, आगाप-मागास अशी सगळी सरमिसळ उगवते.

संकरित भाताचे तंत्रही मुळात हेच. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या चमूला १९७० मध्ये हैनान बेटावर नरवंध्य रानभात सापडला आणि १९७६ पासून संकरित भात तिथे मोठ्या क्षेत्रावर पसरला. महाराष्ट्रात हे काम कर्जतच्या संशोधन केंद्रात झाले आणि त्यातून ‘सह्याद्री’ मालिकेतले वाण आले. परभणी हा भाताचा मुलूख नव्हे. इथे पेरसाळीवर काम झाले आणि ‘प्रभावती’सारखे वाण मिळाले, पण जिल्ह्याची भाकरी ज्वारीचीच राहिली.

१९६५-६६ ची अन्नटंचाई हायब्रीडच्या पथ्यावर पडली. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर केले होते. त्यांची सगळी भिस्त संकरित ज्वारीवर होती. बियाण्याची गरज भागवायला जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांची महिको कंपनी १९६४ मध्येच उभी राहिली होती. सरकारी महाबीज आले ते १९७६ मध्ये. १९७२ च्या दुष्काळात मात्र रेशनवर अमेरिकेची लाल मिलो खावी लागली. ज्या मिलोच्या पेशीद्रव्यावर हायब्रीडचा सारा खेळ उभा होता, तिचेच नाव लोकांच्या तोंडी नकोशा धान्याचे म्हणून राहिले. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले.

पुढे ‘सीएसएच-५’, ‘सीएसएच-९’ आले आणि खरिपाचे उत्पादन वाढले, पण दोन दुखणी काही गेली नाहीत. पहिले खोडमाशीचे. पेरणी लांबली की पोंगेमर होऊन रान विरळ पडते, म्हणून मृगाच्या पावसावर लगेच पेरणी उरकावी लागते. दुसरे अधिक चिवट. गावरान ज्वारी दिवस लहान झाल्यावर, पाऊस ओसरताना निसवायची. लवकर येणाऱ्या हायब्रीडचा दाणा नेमका भाद्रपदाच्या पावसात सापडतो, त्यावर बुरशी चढते आणि ज्वारी काळी पडते. अशा मालाला बाजारात भाव कुठला! तो कोंबडीखाद्याला आणि मद्यार्काला जातो. बुटक्या धाटांचा कडबाही कमी आणि चवीबद्दल घरोघर कुरकुर. सोयाबीन आले तेव्हा खरीप ज्वारीची जागा त्याने फारशा झटापटीशिवाय घेतली, यात नवल नाही.

रब्बीत तर हायब्रीडला नीट पाय रोवताच आला नाही. ‘सीएसएच-१५ आर’ यांसारखे वाण निघाले, पण रब्बीची ज्वारी पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर वाढते आणि थंडीत फुलते. रात्रीचा पारा फार उतरला तर संकरित झाडाचे पराग पुन्हा दुबळे पडतात आणि कणसात दाणे कमी भरतात. शिवाय खाणाऱ्याची कसोटी कडक. मोहोळच्या केंद्रात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ टपोरा, मोत्यासारखा दाणा आणि जनावरांना गोड लागणारा कडबा दोन्ही देते. कडब्याच्या पेंढीला जिथे धान्याइतकीच किंमत असते, तिथे नुसते क्विंटल मोजून वाण ठरत नाही. संशोधनाच्या कागदावर ही गोष्ट उशिरा उमटली.

परभणीच्या ज्वार संशोधन केंद्राने रब्बीसाठी संकराऐवजी सरळ वाणांची वाट धरली, ती शहाणपणाची. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी ज्योती’ ही तिची फळे. २०१८ मध्ये पाटणचेरूच्या इक्रिसॅटबरोबर विकसित केलेली ‘परभणी शक्ती’ ही खरिपाची सरळ जात प्रसारित झाली. तिच्या किलोभर दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीत हे प्रमाण साधारण ३० आणि २० मिलिग्रॅम. सरळ वाण असल्याने हिचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते. रब्बीच्या हायब्रीडवर काम अजून चालू आहे. पण दाण्याबरोबर मालदांडीच्या तोडीचा कडबा आणि थंडीत टिकणारा पराग जोवर मिळत नाही, तोवर परभणीचा शेतकरी ते रानात घेणार नाही आणि घेऊही नये.