पाठीमागून येणाऱ्या प्रकाशाचे मोजमाप

दुकानावरच्या ग्लो साइनचे फ्लेक्स, विमानतळावरच्या जाहिरातीची बॅकलिट फिल्म, दिव्याच्या शेडचा छापील कागद ही सगळी अर्धपारदर्शक माध्यमे. त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही परततो, काही आरपार जातो आणि बराचसा आतल्या आत पसरतो. छापखान्यात रंग मोजणारे नेहमीचे स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र अपारदर्शक कागद गृहीत धरून घडवलेले असतात. त्यामुळे अशा माध्यमांचे रंग प्रोफाइल करताना, म्हणजे छापलेले रंग मोजून त्यांचे वर्णन करणारी फाइल बनवताना, आकडे चुकले की दोष यंत्राचा की मांडणीचा, हे आधी ठरवावे लागते.

या यंत्रातला दिवा ४५ अंशांतून प्रकाश टाकतो आणि परतलेला प्रकाश सरळ वरून टिपला जातो. आय-वन प्रोसारखे यंत्र ३८० ते ७३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर १० नॅनोमीटरला किती प्रकाश परतला ते नोंदवते आणि या ३६ आकड्यांवरून रंगाची लॅब मूल्ये काढली जातात. पूर्ण परतावा कशाला म्हणायचे, हे यंत्रासोबत आलेली पांढरी टाइल ठरवते.

दोषशोधाची पहिली पायरी म्हणजे छापलेल्या रंगतक्त्यातला एकच चौकोन यंत्र न हलवता दहा वेळा मोजणे. आकडे डळमळले तर टाइलवर धूळ किंवा बोटांचे ठसे आहेत का, टाइलवरचा क्रमांक यंत्राच्या क्रमांकाशी जुळतो का आणि शाई पुरती वाळली आहे का, हे पाहावे. यंत्र उचलून पुन्हा ठेवल्यावरच फरक पडत असेल, तर कारण बहुधा फ्लेक्सच्या आतल्या जाळीत असते. मोजणीच्या छिद्राखाली कधी धागा येतो, कधी मधली फट. अशा वेळी मोठे छिद्र वापरावे किंवा चार-पाच ठिकाणची सरासरी घ्यावी. आकडे स्थिर आहेत, पण डोळ्यांना पटत नाहीत, असे झाले तर दोष प्रकाशाच्या वाटेत शोधायचा.

या वाटेवरचा पहिला संशयित म्हणजे माध्यमाखालचा पृष्ठभाग. तोच चौकोन एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या कागदावर ठेवून मोजला की उजळपणाच्या आकड्यांतली तफावत लगेच दिसते. टेबलाचा लाकडी रंगही याच मार्गाने मोजणीत मिसळतो. आयएसओ १३६५५ या मानकात पांढरा आणि काळा, असे दोन्ही आधार सांगितले आहेत. कोणताही एक निवडावा, पण पूर्ण तक्ता त्याच एका आधारावर मोजावा.

दुसरा दोष फसवा असतो, कारण तो दर वेळी तितकाच येतो. माध्यमात शिरलेला प्रकाश आडवा सरकतो आणि मोजणीच्या छिद्राबाहेरून निसटतो. यंत्राला तो दिसत नाही, म्हणून रंग प्रत्यक्षाहून गडद नोंदला जातो. कोऱ्या आणि फिकट चौकोनांना याचा फटका सर्वाधिक बसतो. गडद चौकोनांत शाई प्रकाशाला दूर जाण्याआधीच शोषते. उपाय म्हणजे मोजणीच्या जागेपेक्षा बराच मोठा भाग उजळणारे यंत्र. तक्त्यातले चौकोनही त्याच प्रमाणात मोठे छापावे लागतात.

छपाई पाठीमागून उजळायची असेल, तर परतलेला प्रकाश मोजून भागत नाही. परावर्तनात प्रकाश शाईच्या थरातून दोनदा जातो, पारगमनात एकदाच. एका फेरीत ०.६ घनता (प्रकाश किती अडला याचे लघुगणकी माप) देणारा थर परावर्तनात ढोबळमानाने १.२ देईल. म्हणूनच दिवसा गडद दिसणारे फ्लेक्स मागचा दिवा लागताच फिके पडते, आणि बॅकलिट कामाला जास्त शाई किंवा दुहेरी थर लागतो.

पारगमन मोजताना माध्यम खालून उजळणारा लाइट बॉक्स स्वतःच मोजयंत्राचा भाग बनतो. कोऱ्या लाइट बॉक्सचा प्रकाश म्हणजे १०० टक्के, असे धरले जाते. त्याऐवजी न छापलेल्या फिल्मलाच १०० टक्के धरले, तर फिल्मची मूळ पिवळट किंवा निळसर झाक हिशेबातून गळते. दिवा तापून स्थिर व्हायला वेळ लागतो आणि कडांशी उजेड कमी पडतो. त्यामुळे सगळे चौकोन बॉक्सच्या त्याच जागेवर आणून मोजावेत आणि शेवटी कोरी जागा पुन्हा मोजून सुरुवातीच्या आकड्याशी ताडून पाहावी.

गडद रंगांत अडचण उलटी असते. ३ घनतेला प्रकाशाचा हजारावा भाग आरपार येतो, ४ घनतेला दहा हजारावा. एवढ्या क्षीण उजेडात यंत्राचा स्वतःचा गोंगाट आणि शेजारच्या फिकट चौकोनातून झिरपलेला प्रकाश, दोन्ही मोजले जातात. चौकोनाभोवती काळ्या कागदाचा मुखवटा, खोलीत अंधार आणि अनेक रीडिंगांची सरासरी हे त्यावरचे उपाय. पट्टी सरकवत मोजताना यंत्राला दोन चौकोनांची सीमा ओळखता येत नसेल, तर एकेक चौकोन सुटा मोजावा.

आकडे बरोबर येऊनही बोर्डावरचा रंग चुकतो, तेव्हा दिव्याकडे पाहावे. प्रोफाइल सहसा डी५० या प्रमाण प्रकाशासाठी बनते. प्रत्यक्ष बोर्डातल्या पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा सुळका असतो. यंत्र प्रकाशस्रोत मोजण्याच्या पद्धतीवर ठेवून बोर्डातल्या त्या दिव्याचा वर्णपट नोंदवता येतो. तक्त्याची नुसती लॅब मूल्ये न ठेवता वर्णपटाचे आकडे जपून ठेवले असतील, तर तोच तक्ता पुन्हा न मोजता नव्या दिव्यासाठी हिशेब मांडता येतो.

तयार प्रोफाइलची परीक्षा एका छोट्या तक्त्याने होते. तो त्या प्रोफाइलमधून छापून, त्याच यंत्राने आणि त्याच मांडणीत मोजला जातो. प्रोफाइलच्या फाइलसोबत आधाराचा रंग, छिद्राचा आकार, मोजणीची पद्धत आणि दिव्याचा प्रकार यांची नोंद असावी लागते. ती नसेल, तर दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.