ओढल्या जाणाऱ्या गाडीतील दिवा

पवना आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ सांगवी हे गाव वसले आहे. पवनेच्या पलीकडे दापोडीचे रेल्वे स्थानक आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ ही गाडी रात्री मुंबईहून पुण्याकडे येताना या स्थानकावरून जाते. तेव्हा तिच्या खिडक्या प्रकाशाने उजळलेल्या असतात. पण डब्यांना स्वतःचे इंजिन नसते. ते तर नुसते ओढले जातात. मग त्यांतील दिव्यांना वीज कोठून मिळते?

यासाठी प्रथम बॅटरी म्हणजे काय, ते पाहू. १८५९ मध्ये गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने पुन्हा पुन्हा भरता येणारा शिशाचा विद्युतघट तयार केला. या घटात पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते आणि त्यात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या बुडवलेल्या असतात. घट वीज देऊ लागला, की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल सौम्य होते. उलट दिशेने प्रवाह सोडला, की हीच क्रिया उलटते आणि घट पुन्हा भरतो. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. म्हणून मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घट जोडलेले असतात.

बॅटरी हा विजेचा झरा नव्हे. तो विजेचा रांजण आहे. काढले तेवढे पाणी परत ओतले नाही, तर रांजणाचा तळ दिसू लागतो. शिवाय रिकामी बॅटरी फार दिवस तशीच पडून राहिली, तर सल्फेटचे कण कठीण होतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

हा रांजण भरण्यासाठी जुन्या पद्धतीच्या डब्यांखाली एक जनित्र असते. चाकांच्या आसावरील पट्टा त्याला फिरवतो. गाडी धावू लागली, की जनित्र दिव्यांना वीज पुरवते आणि बॅटरीही भरते. गाडी थांबली, की जनित्रही थांबते. तेव्हा बॅटरी दिवे सांभाळते. घाटातील बोगद्यात गाडी अडली, तरी प्रवासी अंधारात बसत नाहीत, ते या साठ्यामुळेच. मात्र ही वीज फुकटची नाही. जनित्र फिरवण्यासाठी इंजिनाला थोडे अधिक बळ लावावे लागते.

‘दख्खनच्या राणी’ला २०२२ मध्ये नव्या पद्धतीचे डबे मिळाले. अशा डब्यांना वीज जनित्राच्या वेगळ्या डब्यातून किंवा थेट इंजिनातून पुरवली जाते. तरीही अडचणीच्या वेळेसाठी त्यांत बॅटरी असतेच.

हाच प्रश्न रस्त्यावरही उभा राहतो. काही देशांत लोक घरासारख्या सोयी असलेल्या मोठ्या मोटारीतून प्रवास करतात आणि मागे एक लहान मोटार जोडून नेतात. लहान मोटारीचे इंजिन बंद असल्याने तिचे जनित्र फिरत नाही. पण ब्रेक लावणारे जादा यंत्र मात्र तिच्याच बॅटरीतून वीज घेत असते. बॅटरी संपली, तर उतारावर तो ब्रेक निकामी होऊ शकतो आणि मुक्कामी पोचल्यावर मोटारही सुरू होत नाही.

यावर उपाय म्हणून पुढील गाडीच्या जनित्रापासून मागील बॅटरीपर्यंत एक तार नेतात. तारेत फ्यूज बसवतात. प्रवाह फाजील वाढला, तर तो वितळतो आणि आग लागण्याचा धोका टळतो. तसेच प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा एक भाग बसवतात. त्यामुळे मागील बॅटरीतील वीज उलट पुढे जात नाही.

चाकाने फिरवलेले जनित्र असो, की पुढच्या गाडीतून आलेली तार असो, तत्त्व एकच आहे. साठ्यातून जेवढे घेतले, तेवढे परत भरले पाहिजे. रात्री धावत्या गाडीच्या उजळलेल्या खिडक्या पाहताना, त्या प्रकाशामागे चाललेली ही देवघेव अवश्य आठवावी.