गुत्ता, पिठा व परमिट रूम

दारूविक्रीच्या जागांचीं नांवें तपासलीं असतां राज्यकारभाराचा इतिहास हातीं लागतो. ‘गुत्ता’ म्हणजे मूळ मक्ता. विक्रीचा हक्क सरकार मक्त्यानें देई, म्हणून दुकानासहि तेंच नांव पडलें. १८७८ च्या अबकारी कायद्यानें मुंबई इलाख्यांतील गाळप व विक्री परवान्याखालीं आली. ता. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी होऊन पिठे बंद झाले. १९४९ चा कायदा तर सर्व प्रांतासाठींच झाला. पुढें बंदी सैल झाली, तेव्हां परवानाधारकांसाठीं ‘परमिट रूम’ उघडल्या. महाराष्ट्रांत १९४९ चाच कायदा, दुरुस्त्या होऊन, अद्यापि अमलांत आहे. सबब पाटीवरील ‘परमिट’ हा शब्द केवळ शोभेचा नसून त्या बंदीचा जिवंत अवशेष होय.