पाटे वाढवण्याआधी मागचा एक्सल काट्यावर घाला

खडी क्रशरवरच्या टिपरचा मागचा पाटा तुटला की शेडवर जमलेल्या प्रत्येकाकडे एकच औषध असतं: "एक पाटा वाढव." ड्रायव्हर सांगतो, पाटेवाला सांगतो, शेजारी पंक्चर काढणाराही सांगतो. मागच्या एक्सलवर नेमकं किती वजन येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मालकालाही ते बहुधा ठाऊक नसतं, कारण त्याचा सगळा हिशेब ब्रासमध्ये चालतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हे जागेचं माप झालं, वजनाचं नाही. एक ब्रास खडी साधारण चार ते साडेचार टन भरते. तोच हौदा लोहखनिजानं भरला तर वजन सहज दीडपट होतं, आणि पावसात पाणी धरलेला मुरूम वेगळाच आकडा दाखवतो. पाटे मालाचं नाव बघून वाकत नाहीत, वजनानं वाकतात.

म्हणून पाटे निवडायची सुरुवात वजनकाट्यावर होते. सपाट जागेतला काटा शोधायचा, गाडीची फक्त मागची चाकं त्यावर घ्यायची आणि आकडा लिहून घ्यायचा. आधी रिकाम्या गाडीचा, मग रोज भरता तशी भरलेल्या गाडीचा. कागदावर दाखवता तशी भरलेली गाडी इथे उपयोगाची नाही. समजा, दोन एक्सलच्या टिपरचं मागचं वजन रिकामं असताना २.८ टन आलं आणि भरल्यावर ११.५ टन. यातलं एक्सल, चाकं, ब्रेक ड्रम यांचं वजन पाट्यांच्या खाली असतं. ते थेट रस्त्यावर जातं, पाट्यांवर येत नाही. ते १.२ टन धरलं तर पाट्यांवरचा खरा भार रिकामा १.६ टन आणि भरलेला १०.३ टन. म्हणजे सहा पटींहून जास्त फरक. दोन्ही वेळेला चाक जमिनीला धरून ठेवायचं काम याच पाट्यांनी करायचं असतं. निवडीतली खरी अडचण ही आहे, आणि "एक पाटा वाढव" हे तिचं उत्तर नाही.

"पाटे जास्त, तेवढी गाडी मजबूत."

पाटे मोजून मजबुती ठरवता येत नाही. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. ८ मिलिमीटरचा पाटा ९ मिलिमीटरचा केला तर तो एक अष्टमांशानं नव्हे, सुमारे ४२ टक्क्यांनी कडक होतो. लांबीचं गणित याच्या उलट आहे: लांबी दहा टक्के वाढली की कडकपणा जवळजवळ पाव भागानं उतरतो. आता सारख्याच लांबी-रुंदीचे दोन संच घ्या, एकात ८ मिलिमीटरचे सहा पाटे आणि दुसऱ्यात १० मिलिमीटरचे चार. जाडीचे घन करून बेरीज केली तर पहिल्याची ३०७२ येते आणि दुसऱ्याची ४०००. चार पाट्यांचा संच तीस टक्क्यांनी जास्त कडक निघाला, वर लोखंडही कमी लागलं.

पण गंमत पुढे आहे. दोन्ही संचांवर सारखंच वजन ठेवलं तर पोलादावर येणारा ताण जवळपास सारखाच असतो, चार टक्क्यांचा काय तो फरक. म्हणजे दुसरा संच कमी वाकतो, पण फार जास्त वजन सोसतो असं नाही. कडकपणा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेडवरचे बहुतेक गैरसमज या दोन्हींची गल्लत केल्यामुळे तयार होतात. गाडी दबली नाही म्हणजे पाट्यांना त्रास झाला नाही, असं आपण डोळ्यांनी ठरवतो. पाट्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

"भंगारातला एखादा जाड पाटा मध्ये घाल, काम होऊन जाईल."

माझ्या मते हा सगळ्यांत महागात पडणारा स्वस्त उपाय आहे. यू बोल्टनं आवळलेले सगळे पाटे एकत्र वाकतात. सारखेच वाकले तरी ताण सारखा येत नाही. जो पाटा जाड, त्याच्यावर त्या प्रमाणात जास्त. ८ मिलिमीटरच्या पाट्यांमध्ये १२ मिलिमीटरचा एक घुसवला तर त्याच्या पृष्ठभागावर बाकीच्यांच्या दीडपट ताण पडतो. मजबुतीसाठी घातलेला पाटाच आधी तुटतो, आणि मग दोष पोलादाला दिला जातो.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी बघता येते. नवा, कंपनीचा संच सुटा करून पाटे एकावर एक नुसते ठेवा. मधोमध त्यांच्यात बारीक फट दिसते, कारण खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकवलेला असतो. आवळल्यावर ती फट मिटते, आणि मिटताना मेन पाट्याला उलट्या दिशेचा थोडा ताण आधीच मिळून जातो. भार आला की मेन पाट्याची सुरुवात शून्याच्याही मागून होते. दोन्ही टोकांचे डोळे त्याच्यावर असतात, एक्सलला जागेवर धरायचं, गाडी पुढे ढकलायचं, ब्रेकचा धक्का झेलायचं काम त्याचं असतं. म्हणून त्याला ही सूट दिलेली असते. भंगारातला पाटा आणला की त्याची कमान वेगळी, फट वेगळी, सगळा हिशेब बिघडतो. पाटा बदलायचाच असेल तर त्याच जाडीचा, त्याच जागेचा आणि त्याच कमानीचा हवा.

"कमान उंच असली की वजन जास्त पेलतं."

कमानीमुळे गाडी किती उंच उभी राहते ते ठरतं, एवढंच. कडकपणा जाडी, रुंदी, लांबी आणि पाट्यांची संख्या यांवर ठरतो. त्याच पाट्यांची कमान वाढवून आणली तर गाडी रिकामी असताना रुबाबदार दिसते आणि भरल्यावर पूर्वीइतकेच इंच खाली येते. मधल्या काळात प्रोपेलर शाफ्टचा कोन बदललेला असतो, क्रॉस लवकर वाजायला लागतात आणि भरलेल्या हौद्याचा भार जमिनीपासून आणखी वर गेलेला असतो. खाणीच्या तिरक्या रस्त्यावर किंवा घाटातल्या वळणावर त्याची किंमत मोजावी लागते.

"खडकाळ रस्त्याला कडक पाटेच पाहिजेत."

मला वाटतं, खरं याच्या जवळजवळ उलट आहे. खड्ड्याखडकांत चाकानं खाली-वर व्हायला हवं. एका बाजूचं चाक खड्ड्यात उतरतं आणि दुसऱ्या बाजूचं दगडावर चढतं तेव्हा हा पीळ पाट्यांनी खायचा असतो. पाटे वाकायला तयार नसतील तर तो पीळ चेसीत जातो. चेसीला भेगा पडणं, हौद्याचे ब्रॅकेट सुटणं, रिव्हेट ढिले होणं ही दुखणी बऱ्याचदा तिथून येतात. शिवाय पीळ न खाणारं चाक हवेत राहतं, आणि हवेतलं चाक नुसतं फिरतं. चिखलात रिकामी गाडी जागेवर फिरताना दिसली की टायरला शिव्या देण्याआधी पाट्यांकडे बघावं.

मग सहापट फरकाचं करायचं काय? त्यासाठी हेल्पर पाटे असतात. आपल्याकडच्या बहुतेक दोन एक्सलच्या ट्रकांत मेन संचाच्या वर एक छोटा संच बसवलेला असतो. त्याची दोन्ही टोकं मोकळी असतात. गाडी रिकामी असताना तो कशालाच टेकत नाही. भार येऊन चेसी खाली आली की तिच्यावरचे ब्रॅकेट या टोकांवर बसतात आणि तिथून पुढे दोन्ही संच मिळून काम करतात. रिकाम्या खेपेला मऊ, भरलेल्या खेपेला कडक. तुमचे पाटे बरोबर आहेत का, याचा पुरावा तिथेच मिळतो. हेल्परच्या टोकांची घासण्याची जागा बघा. रोज भरलेली गाडी चालवूनही तिथे गंज असेल तर मेन पाटे गरजेपेक्षा कडक आहेत, हेल्पर फुकट बसलाय. रिकाम्या गाडीतही टोकं टेकलेली असतील तर मेन पाटे बसलेत.

तीन एक्सलच्या टिपरची गोष्ट वेगळी. बोगीत पाट्यांचा संच बऱ्याचदा मधोमध खुंट्यावर डुलतो आणि त्याची टोकं पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलवर टेकतात, म्हणजे भार दोघांत वाटला जातो. एक्सल जागेवर धरायचं काम तिथे टॉर्क रॉड करतात. त्यांचे बुश गेले असतील तर पाटे कितीही बदला, टायर एका बाजूनं झिजतच राहणार.

पिकअपवाल्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण ही गोष्ट गॅरेजातही सहसा कुणी बोलत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये चेसी आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये एक बारीक रॉड किंवा स्प्रिंग दिसते, तिचं दुसरं टोक एका व्हॉल्व्हला असतं. गाडी भरून खाली दबली की तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, रिकामी असली की कमी. पाटे वाढवून गाडी दबायचीच थांबली, की व्हॉल्व्हच्या लेखी ती कायम रिकामी. दीड टन माल घेऊन घाट उतरताना मागचे ब्रेक अर्ध्याच मनानं लागतात. पाटे बदलले तर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापानं पुन्हा बसवून घेतल्याशिवाय गाडी भरू नये.

"दोन-तीन पाट्यांची गाडी कमजोर असते."

हल्लीच्या गाड्यांत दिसणारे हे पॅराबोलिक पाटे. मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते होत जातात, त्यामुळे ताण पूर्ण लांबीत सारखा पसरतो. ते एकमेकांना फक्त मध्ये आणि टोकांशी टेकतात, घर्षण कमी, वजनही कमी. कमजोर मुळीच नाहीत. तरीही खाणीवरच्या गाडीला मी जुन्या पद्धतीचे अनेक पाट्यांचे संच सुचवेन. त्यातला एक तुटला तर बाकीच्यांवर हळूहळू शेडपर्यंत येता येतं, आणि तालुक्याच्या गावातही तो एकटा पाटा बदलून मिळतो. पॅराबोलिकच्या तीनांतला एक गेला की तिसरा हिस्साच गेला. आणि घर्षण कमी असल्यामुळे तिथे शॉक ॲब्सॉर्बर चांगले हवेतच. जुन्या संचात पाट्यांचं एकमेकांवर घासणंच थोडंफार ते काम करतं.

"पाटे जुने झाले की मऊ पडतात. ठोकून कमान आणली की नव्यासारखे."

पोलादाचा लवचीकपणा वयानं बदलत नाही. गंजानं जाडी खाल्ली नसेल आणि भेग नसेल तर दहा वर्षं चाललेल्या पाट्याचा कडकपणा नव्याइतकाच असतो. बदललेला असतो आकार: वारंवार जादा वजन पडून तो कायमचा थोडा सरळ झालेला असतो. थंड पाटा ठोकून कमान परत येते खरी, पण बरेचदा काही महिन्यांत पुन्हा उतरते. भट्टीत लाल करून वाकवला आणि तसाच थंड होऊ दिला तर त्याहून वाईट. सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोम-व्हॅनेडियमचं हे पोलाद कारखान्यात तापवून तेलात विझवलेलं आणि पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून त्याचं पाणी उतरवलेलं असतं. वरच्या बाजूवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून भेगा रोखणारा एक दाबही तयार केलेला असतो. गावच्या भट्टीत हे सगळं पुसलं जातं. वेल्डिंगचं तर नावच काढू नये. पाट्याला टाकलेला एक टाकाही नव्या भेगेची सुरुवात ठरतो.

आणि कायद्याच्या बाबतीत एक भ्रम: पाटे वाढवले म्हणजे गाडीची क्षमता वाढली. आरसीवरचा आकडा पाट्यांनी बदलत नाही. २०१८ च्या जुलैत केंद्रानं चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, ती सरकारी मर्यादा. तुमच्या गाडीचं हौजिंग, बेअरिंग, टायर आणि ब्रेक ज्या वजनासाठी बनवलेत, ते तेवढंच राहतं. जादा मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे.

राहिला सेंटर बोल्ट. तो पाटे आवळून धरतो असं समजतात, प्रत्यक्षात तो फक्त एक्सलची जागा दाखवतो. आवळायचं काम यू बोल्टचं. यू बोल्ट घट्ट असले की त्यांच्या मधला पाट्याचा भाग वाकतच नाही, म्हणून तिथल्या भोकाला धोका नसतो. ढिले पडले की तोच भाग वाकू लागतो आणि भोकापाशी भेग सुरू होते. तुटलेला पाटा फेकून देण्याआधी तुटीचं तोंड बघा. काळपट, गंजलेला, गुळगुळीत भाग म्हणजे जुनी भेग, तर खरखरीत चकाकणारा भाग आज तुटलेला. तूट सेंटर बोल्टच्या भोकातून गेली असेल तर नवा पाटा जाड घेऊन काही साधणार नाही, यू बोल्ट बदला. डोळ्याजवळ किंवा क्लिपच्या आसपास मेन पाटा तुटला असेल तर क्लिपा जागेवर आहेत का ते बघा. खड्ड्यातून चाक खाली लोंबतं तेव्हा क्लिपच बाकीच्या पाट्यांना मेन पाट्याबरोबर ठेवते. ती नसेल तर उलटा झटका तो एकटा खातो.

नव्या संचाला यू बोल्टही नवेच घ्यावेत. एकदा ताणून बसलेला बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. गाडी पाट्यांवर उभी करून, चारही नट आलटून पालटून टॉर्क पान्यानं कंपनीच्या मापाला आवळायचे. पहिल्या काही भरलेल्या खेपांत पाटे एकमेकांवर नीट बसतात, रंगाचा थर दबतो आणि तेवढी ढिलाई येते. तेव्हा त्या खेपा झाल्या की नट पुन्हा आवळायचे, आणि नंतर प्रत्येक सर्व्हिसला एकदा पाना लावून बघायचं.