‘रिपोर्ट नॉर्मल’नंतरची डोकेदुखी

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगावातून जातो. अशा रस्त्यांवर दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, की सीटी स्कॅन होतो आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून घरचे निर्धास्त होतात. महिन्यानंतरही माणूस ‘डोकं दुखस’ म्हणू लागला, की मात्र त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. हातावर पोट असलेल्याला ‘हे केव्हा थांबेल?’ एवढेच जाणून घ्यायचे असते.

शुद्धी मोजण्याची पट्टी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडली. आजच्या ३ ते १५ गुणांच्या पट्टीवर १३ ते १५ गुण म्हणजे ‘सौम्य’ इजा. हा शब्द त्या वेळच्या शुद्धीविषयी सांगतो, पुढच्या त्रासाविषयी नव्हे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि कवटीचे फ्रॅक्चर दिसते. ताणलेले मज्जातंतू किंवा दुखावलेले मानेचे स्नायू सहसा दिसत नाहीत.

अशी डोकेदुखी बहुधा ७ दिवसांच्या आत सुरू होते. ती ३ महिन्यांपलीकडे गेली, की तिला चिवट म्हणतात. कोणाची चिवट ठरेल? आधीपासून अर्धशिशी असणे, पहिल्या दिवसांतच चक्कर, झोपमोड, चिंता अशी अनेक लक्षणे एकत्र येणे, मान दुखणे, या गोष्टींनी धोका वाढतो. स्त्रियांमध्येही तो अधिक आढळतो. एमआरआय आणि संगणकाच्या साहाय्याने अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण रोजच्या ओपीडीत नीट विचारलेले प्रश्नच आजही अधिक उपयोगी पडतात.

अंदाज म्हणजे भाकीत नव्हे. अर्धशिशीची प्रकृती बदलता येत नाही. झोप, चिंता आणि मानदुखी यांवर उपचार होऊ शकतात. एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू हालचाल वाढवावी. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्याने फायदा होत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी जडू शकते.

वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटके, हातपाय लुळे पडणे, नाका-कानातून पाणी येणे, यांपैकी काही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. बाकीच्यांना घरच्यांकडून हवा असतो तो विश्वास: दुखणे खरे आहे, आणि बहुतेकांचे ते काळाबरोबर ओसरते.