कचऱ्याची गोष्ट (भाग ६) : ‘वर पैसे कशाला?’

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीनंतर हमखास निघणारा विषय म्हणजे कचऱ्याचे दरमहा पैसे. कुणीतरी उठून विचारतंच, “कचरा आपला, भंगार विकून पैसे त्यांना, मग आपण वर पैसे कशाला द्यायचे?” मागून दोघंतिघं माना डोलावतात. प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. गेल्या आठवड्यात ओल्या कचऱ्याचं खत केलं, तेव्हा आज कोरड्याची गोणी उघडून त्याचं उत्तर शोधू.

आमच्याकडे सकाळी कचरा गोळा करून झाला की कचरावेचक ताई पार्किंगच्या कोपऱ्यात बसून गोणी पालथी करतात. पुठ्ठा एकीकडे, काच एकीकडे, पत्र्याचे डबे वेगळे. खरी कसरत प्लास्टिकची. पिशवी हातात चुरगाळून त्या नुसत्या आवाजावरून ओळखतात: कुरकुरली तर एका ढिगात, मऊ पडली तर दुसऱ्या. पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचं झाकण बादलीत टाकून बघा. तुकडा बुडतो, झाकण तरंगतं. आपण दोन्हींना प्लास्टिकच म्हणतो, पण माल वेगळा, म्हणून भावही वेगळा. मिसळलेला माल नेला की भंगारवाला सगळ्याला खालचा भाव लावतो.

मग उरतो तो ढीग, ज्याला कुणी विचारत नाही. वेफर्सची चकचकीत पाकिटं घ्या. प्लास्टिकवर धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो, तो सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगाराच्या दुकानात त्यांना किंमत नाही. थर्मोकोल गोणीभर घ्या, काट्यावर वजनच भरत नाही. पुठ्ठ्याला भाव असतो, पण त्यावर आमटी सांडली असेल तर तोही गेला. विकलं न जाणारं हे सगळं आणि ओला कचराही रोज, जिने चढून-उतरून न्यायचाच असतो. आपण पैसे देतो ते या कामाचे. भंगाराची कमाई ही निवडण्याच्या कष्टाची, आणि तिचा भरवसा नाही. २००८च्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा भंगाराचे भाव धाडकन कोसळले होते. कचरा मात्र रोजच्या रोज निघतच होता.

तेच वर्ष पुण्यात आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. १९९३ साली इथे कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि बाबा आढाव यांची तिला साथ होती. तोवर या बायका कचराकुंडीत उतरून हाताला लागेल ते वेचत. त्यांचं म्हणणं साधं होतं: कचरा कुंडीत पडून बरबटण्याआधी आम्हाला दारातच द्या. त्यातूनच २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. कंपनी म्हणा, संस्था म्हणा; इथे मालकीण तीच, जी सकाळी तुमची बेल वाजवते. दारात निवडून घेतलेला कोरडा माल शहराबाहेरच्या डेपोवर जात नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना त्या डेपोचा वास किती वर्षं सोसावा लागला, हे पुणेकरांना सांगायला नको.

सगळ्याच गोळा करणाऱ्यांचं काम असं नसतं. काही वर्षांपूर्वी आमच्या कमिटीने स्वस्त पडतो म्हणून एक खासगी ठेकेदार धरला. हिरवा डबा, निळा डबा, गणवेश, सगळं झकास. एका सकाळी बसथांब्यावर उभा होतो. समोर त्यांचाच टेम्पो थांबला, आणि आम्ही घरोघरी वेगळे केलेले दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे झाले. तेव्हापासून कुणी नवा गडी आला की मी दराआधी दोन गोष्टी विचारतो. कोरडा माल कुठल्या दुकानात किंवा केंद्रात जातो, आणि ती जागा आम्हाला पाहता येईल का? उत्तरात ‘काळजी करू नका साहेब’ आलं की काळजी करायला लागायचं.

आपली बाजूही कायद्याने ठरलेली आहे. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी वर्गीकरण घरातच करायला सांगितलं आणि सेवेचं शुल्क देणंही आपल्यावर टाकलं. पण नियम न वाचताही करता येण्यासारखं बरंच आहे. बाटल्या-डबे एकदा विसळून घ्या. फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी, हातात द्या. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात बांधून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते पुडकं कुणाला उघडून बघावं लागत नाही. ज्यांच्या घरी हे अजून होत नाही, त्यांनी कधीतरी पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभं राहून बघावं, कुणाचे हात कशात जातात ते.

आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. पिशवीला भाव मिळतो, पण सुटलेला चिमूटभर तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, तो थेट गटारात जातो. उद्या सकाळी चहा ठेवताना एवढं करून बघा.

(पुढील भागात : कपाटातला बंद पडलेला मोबाइल)